बुटक्यांची खंडेनवमी

लोणीत विहिरीवरची मोटर जळाली की माणूस आधी मोटरीला शिव्या घालतो आणि मग ती छकड्यात नाहीतर मोटरसायकलवर टाकून आमच्या गेणूकडं आणतो. गेणू म्हणजे माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहो-जाहो करते, पण पाठीमागं गेणूच. नाव आजोबांचं ठेवलंय, त्यामुळं फोनवर लोकांना वाटतं कुणी सत्तरीचा म्हातारा बोलतोय. आहे पस्तिशीतला. आणि बोलतो तरी काय, "हां." "बगतो." "उद्या या." या तीन वाक्यांवर त्यानं आजवर धंदा केलाय. जळकी तार उपसायची, तांब्याची नवी तार भरायची, वार्निश द्यायचं. वाइंडिंगच्या या कामाला तोंड लागत नाही, म्हणून त्याचं कधी अडलं नाही.

दुकान बंद केलं की तो बाहुल्या रंगवतो. हसू नका. मीही आधी हसलेच होते.

करोनात सगळं बंद होतं तेव्हाची गोष्ट. मोटरी यायच्या थांबल्या, आणि हा फोनवर व्हिडिओ बघत बसायचा. त्यात कुणी परदेशी माणूस बोटभर उंचीचा एक दाढीवाला बुटका रंगवत होता. गेणूनं तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की त्यातलं संगीत मला भाकरी थापताना आपोआप गुणगुणायला यायला लागलं. पुढं गाड्या सुरू झाल्यावर एक खोकं आलं. आम्हाला वाटलं बेअरिंग असतील. उघडलं तर करड्या रंगाचे प्लॅस्टिकचे तुकडे. इवलेसे हात, इवलेसे पाय.

"ह्ये काय, कोंबडीची हाडं मागावली का काय ह्यानं?" आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरूबाई. माहेर मढचं, आणि बोलणंही तिकडच्या घाटासारखं, मधेच कुठं वळेल सांगता येत नाही.

गेणूनं ते तुकडे चिकटवले आणि त्यातून माणसं झाली. हा एक खेळ असतो. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाची राक्षसांची फौज, एकाची भुतांची, नाहीतर अशाच परदेशी गोष्टींतल्या लोकांची. पट्टीनं मोजून माणसं पुढं सरकवायची, फासे टाकायचे आणि एकमेकांची माणसं मारायची. पण त्याआधी आपली फौज आपल्या हातानं रंगवायची. गेणूची फौज बुटक्यांची. प्रत्येकाला पोटापर्यंत दाढी, डोक्यावर टोप आणि हातात कुऱ्हाड नाहीतर घण. आत्याबाईंना ते पहिल्यापासून आवडले. "पोटाला पोट हाय, दाढीला दाढी. खात्यापित्या घरचे दिसत्यात," म्हणाल्या.

रंगवायला बसला की कपाळावर वाइंडिंगचं भिंग, आणि हातात असा कुंचला की त्याला चार केस असतील-नसतील. त्या कुंचल्याला टोक यावं म्हणून तो तोंडात घालतो आणि जिभेवर फिरवतो. त्यावरून आत्याबाईंचं आणि त्याचं रोजचं. "इख चाटतोय, इख! एक दिवस निळा पडशील." माझा चपात्यांचा डबा तर गेलाच. त्यात त्यानं ओला स्पंज घातला, वर बटर पेपर पसरला, म्हणजे म्हणे रंग वाळत नाही. पाहुणे आले तेव्हा मी डबा मागितला, तर म्हणतो, "वहिनी, त्यात आत्ता लाल हाय." जसा काही लाल म्हणजे कुणी बाळंतीण झोपलीय आत.

पण काम असं करतो की बघत राहावं. आधी काळं अस्तर, मग पातळ रंगाचे हात, मग काळपट पाणी असं सोडायचं की ते दाढीच्या खाचांत जाऊन बसतं, आणि शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला वरून घासायचा की दाढीचे केस न् केस उठून दिसतात. एका बुटक्याचं नाक त्यानं तांबूस केलं होतं. मी विचारलं, याचंच का हो? तर अगदी गंभीर तोंड करून म्हणाला, "त्याला सर्दी हाय."

त्यांचा राजा तर काय सांगू. खोक्यात तो उभाच आला होता. गेणूनं वेगळं एक मोठं मांजर मागवलं, राजाचे पाय कापून त्याला त्यावर बसवलं आणि मांजराचा केला बिबट्या. बिबट्याचे ठिपके म्हणजे नुसते ठिपके नसतात, तुटकी कडी असते, आत जरा गडद. हे त्याला व्हिडिओ बघून शिकावं लागलं नाही. आमच्या गोठ्यामागच्या भिंतीवर बसलेला त्यानं स्वतः बघितलाय, तोही पळून न जाता.

आता दुःख ऐका. एवढी फौज उभी केली, पण तिच्याशी लढायला समोर कुणी नव्हतं. आमच्या यांना, म्हणजे भरतला, त्यानं बसवून बघितलं. नियम सांगता सांगता हे घोरायला लागले. मी एकदा बसले, तर तिकडं दूध उतू गेलं. पुन्हा बसले, तर मला कुणाची कुऱ्हाड किती लांब पोचते तेच कळेना, आणि भावजींचा चेहरा असा झाला की मीच म्हटलं राहू द्या. गावातली पोरं विचारायची, "गेणूभाऊ, बाहुल्यांचं लगीन कधी?" तो हसायचा. दोन्ही बाजूंनी आपणच का खेळत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "वहिनी, सोताशी काय खेळायचं? फसवायचं कुनाला?" आणि भिंग खाली ओढून पुन्हा कामाला लागला. मला लई वाईट वाटलं तेव्हा. लग्नाची स्थळं बघून झाली होती, त्यात काही जमलं नव्हतं, त्याचं त्याला काही वाटत असेल-नसेल ते त्यालाच ठाऊक. पण समोर बसून खेळणारं एक माणूस त्याला पाहिजे होतं. देवानं एवढं तरी द्यावं की नाही?

फोनवर या रंगवणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे. जगभरचे लोक फोटो टाकतात. त्यात कुणी एकजण गेणूच्या बुटक्यांचं फार कौतुक करायचा. इंग्रजीतून. "नाइस बियर्ड ब्रदर." की हा उत्तर द्यायचा, "थँक यू ब्रदर. नाइस बोन." कारण त्याची फौज सांगाड्यांची होती. अशी ही ब्रदर-ब्रदर बोलाचाली कितीतरी महिने चालली. गेणूला वाटायचं तो मलेशियाचा असावा. मग यानं बिबट्यावरच्या राजाचा फोटो टाकला, आणि तिकडून आलं, "ब्रदर, व्हेरी करेक्ट स्पॉट. इन माय जुन्नर आल्सो मेनी लेपर्ड."

मी चुलीपुढं होते. गेणू धावत स्वयंपाकघरात आला. धावत! चपला घालून!

"वहिनी, त्यो जुन्नरचा हाय!"

नाव तालिब. जुन्नरच्या पेठेत त्याचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. मोटरसायकलला दीड तास लागत नाही एवढ्यावर दोघं बसले होते, आणि गेले कित्येक महिने डिक्शनरी बघून एकमेकांशी इंग्रजी बोलत होते. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

त्याच संध्याकाळी फोन झाला. आणि तिथं गेणूनं घोळ घातला. तिकडून काहीतरी विचारलं असणार, कारण हा म्हणाला, "व्हय व्हय, खेळतो की. आमी हितं दर रविवारी खेळतो." माझा हात भाकरीवर थांबला. दर रविवारी? कुणाशी? म्हशीशी? फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"त्यांची जुन्नरला पाच जनांची टीम हाय म्हनं. मी एकदा पन न्हाई खेळलो म्हनलो असतो, तर कशाला आला असता त्यो हितवर?"

"कळलं तर?"

"कळलं तर परत यायचा न्हाई," गेणू म्हणाला. त्यानंतर रोज तो फोनवर नियम वाचायचा, ओठ हलवत, शाळेतल्या पोरानं कविता पाठ करावी तसा.

दिवस ठरला खंडेनवमीचा. दुसरा कुठला ठरणार? वर्षभर गेणूचं दुकान बंद म्हणून नसतं, शेतकऱ्याची मोटर दिवाळीलाही जळते. पण खंडेनवमीला आमच्या घरची रीत आहे. हत्यारं धुवायची, मांडायची, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी ती चालवायची नाहीत. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा. त्या दिवशी पक्कडसुद्धा निवांत पडलेली असते, म्हणून गेणूही मोकळा.

आदल्या दिवशी त्यानं पडवीत दोन पिपांवर पंपघराचं जुनं दार आडवं टाकलं. त्यावर भुसा चिकटवून हिरवा रंगवलेला, ओढ्यातले दगड डोंगर म्हणून ठेवलेले, आणि जळक्या तारेची झाडं पिळून उभी केलेली. एका बाजूला सगळी फौज रांगेत. मध्ये राजा, बिबट्यावर. रंगावर शेवटचा वार्निशचा हात तेवढा राहिला होता, तो पाहुणा येऊन गेल्यावर देऊ म्हणाला. आणि सकाळी उठून स्वारी दाढी करायला न्हाव्याकडं गेली.

मी आत कडाकण्या तळत होते. आत्याबाई बाहेर पूजा मांडत होत्या. नऊ दिवसांचे उपास, त्यामुळं आधीच पित्त चढलेलं. विळे, कोयते, कुदळ, टिकाव, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, माझं शिलाई मशीन, गेणूचं वाइंडिंगचं मशीन. माझ्या मिक्सरलाही कुंकू लावलं, का तर आत पातं आहे. स्वयंपाकाची विळी तेवढी सुटली, कारण मग जेवायचं काय. मी कढई उतरवून बाहेर आले आणि बघते तर काय, आत्याबाई त्या दारापुढं वाकलेल्या, एका हातात हळदीची वाटी, आणि एकेका बुटक्याच्या कपाळावर बोट टेकवतायत. करंगळीच वापरत होत्या बिचाऱ्या, पण करंगळीपुढं बुटक्याचं कपाळ ते केवढं? नाक, दाढी, टोप, सगळं पिवळं. वर कुंकू. वर प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूची पाकळी. बिबट्याला तर पाच बोटं ओढली होती.

"आत्याबाई! अहो काय केलंत हे!"

"का? ऱ्हायली व्हती त्यांची. कवाची बिचारी कुऱ्हाडी घिऊन हुबी हायेत."

तेवढ्यात गेणू आला. गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला, साबणाचा वास. त्यानं बघितलं, आणि तिथंच पायरीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बसला. मग उठून एका बुटक्याला ओल्या फडक्यानं पुसायला गेला, तर हळद आणखीच पसरली.

"पुसतो काय रं?" आत्याबाई कडाडल्या. "पूजा केल्यालं पुसतात व्हय?"

"आई, आज खेळायचं व्हतं ह्यांना घिऊन. पावनं येतंय जुन्नरवरनं."

"मंग उद्या खेळ. आज हत्यार चालवायचं न्हाई."

"आत्याबाई, खेळण्यातले आहेत हो ते," मी मध्ये पडले.

"वाघोबावर बसलाय त्यो. खेळन्यातला म्हनू नगं." आणि गेणूकडं वळून, "तू आज पक्कड उचलशील का? न्हाई ना? मंग ह्यांनी कुऱ्हाड कशी उचलायची?"

वकील लावला असता तरी उत्तर सापडलं नसतं. गेणूनं आईचा शब्द कधी मोडलेला नाही, तो आज मोडेल असं मलाही वाटलं नाही. त्यानं तालिबला फोन लावला, येऊ नका म्हणून सांगायला. घंटी वाजत राहिली. तालिब मोटरसायकलवर होता. गेणूनं पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि फोन खिशात टाकला.

"आता त्याला वाटंल, ह्ये येडं हाय सगळं घर."

थोड्या वेळानं मोटरसायकल अंगणात आली. तालिब किडकिडीत, चष्मेवाला, वयानं गेणूएवढाच. पाठीवरच्या पिशवीतून त्यानं मनगटी घड्याळांचं एक चपटं खोकं काढलं. ज्या खाचेत घड्याळं बसतात तिथं प्रत्येक खाचेत एक सांगाडा झोपलेला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! सनासुदीची हाडकं!"

मग मीच सगळं सांगितलं, खंडेनवमीचं, हळदीचं, हत्यार न चालवण्याचं. सांगताना मलाच इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तालिबनं ऐकून घेतलं. मग आत्याबाईंकडं वळून म्हणाला, "मावशी, मी हात लावला तर चालेल का?"

"हात लाव की. चालवू नगं."

त्यानं खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला बसवलं आणि वाकून एकेक बुटका बघायला लागला. गेणू भिंतीला टेकून उभा, जसा काही निकाल लागणार आहे. मग तालिबनं एक बुटका उचलला, हळदीखालून त्याचं नाक बघितलं आणि म्हणाला, "गेणूभाऊ, याला सर्दी झालीय का?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरंच आलं, त्यात लपवायचं काय? इतकी वर्षं हा माणूस रंगवत होता, आणि आज पहिल्यांदा कुणाला तरी न सांगता कळलं होतं.

"व्हय," गेणू म्हणाला. "लई दिवसांची हाय."

तालिब हसला. "मग आता करायचं काय?"

गेणूनं बराच विचार केला. "मी फकस्त सरकवतो. सरकवलं तर चालंल ना आई? मारत न्हाई. तुमी मारा."

"म्हणजे मी मारायचं आणि तुम्ही मार खायचा?"

"आल्यासारकं खेळा तरी."

आत्याबाईंनी मान डोलावली. चालायला हरकत नाही म्हणाल्या, आणि ज्वारी निवडायचं सूप घेऊन तिथंच बसल्या.

सुरू झालं. तालिबचे सांगाडे पट्टीनं मोजून पुढं यायचे, फासे खडखडायचे आणि गेणूचा एक बुटका आडवा व्हायचा. गेणू आपला निमूट दुसरा सरकवायचा. तालिबलाही ते काही गोड लागत नव्हतं, तो प्रत्येक वेळी "सॉरी हां" म्हणायचा.

"ह्यो का आडवा केला?" आत्याबाईंनी सुपातून मान वर केली.

"मेला, आई."

"आँ? पूजा केल्याला?"

पुढचा पडला. आत्याबाईंचं निवडणं थांबलं. सर्दीवाला पडला तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आणि मग सांगाड्यांनी राजाला घेरलं. तालिबनं हळूच सांगितलं, "आता या वाघावर हल्ला आहे," आणि फासे हातात घेतले.

"आरं मुडद्या!" आत्याबाई उठल्याच. कुणाला बोलल्या ते आधी कळेना, पाहुणाही दचकला. "गेन्या! बगत काय बसलाय! हान की त्याला!"

"आई, तूच म्हनलीस हत्यार चालवायचं न्हाई."

"म्हनले! म्हंजी काय वाघोबाला मारू द्यायचं डोळ्यादेखत? आन ही हाडकं मोकळी हिंडत्यात, आन माज्या शिपायांचं हात बांधल्यालं!" मग तालिबकडं वळून जरा मऊ आवाजात, "बाबा, तुजा राग न्हाई. पर ह्यो माजा ल्योक हाय."

आत गेल्या आणि अक्षता घेऊन आल्या. उत्तरपूजा करायची म्हणजे अक्षता टाकायच्या आणि ज्याची पूजा केली ते जरासं हलवायचं. हलवलं की देवपण सुटलं, वस्तू पुन्हा वापरायला मोकळी. दसऱ्याचं काम आत्याबाईंनी नवमीच्या दुपारीच उरकायला घेतलं. उभ्या असलेल्या आणि आडव्या पडलेल्या सगळ्या बुटक्यांवर अक्षता टाकल्या आणि एकेकाला करंगळीनं हलवलं. "चुकलंमाकलं पदरात घे गं आई," म्हणत शेवटी बिबट्याला हलवला. "हां. आता घाला कुऱ्हाडी."

हे सगळं आमचे हे गोठ्याच्या दारातून बघत होते. म्हणाले, "आई, मंग माझा टॅक्टर पन हालव. रान पडून ऱ्हायलंय."

"टॅक्टरला कोन मारतंय का?" आत्याबाईंनी विचारलं. हे गप्प गोठ्यात गेले.

मग खरा खेळ लागला. काय सांगू तुम्हाला! मी आत स्वयंपाकाला लागले, पण कान बाहेर. फासे, हसणं, "आला आला आला", "गेला!" आणि मधूनच एक आवाज असा की मला कळेना हा कुणाचा. गेणूचा होता. या घरात आल्यापासून मी त्याचा मोठा आवाज ऐकलाच नव्हता, मग ओळखणार कसा?

हळूहळू आवाज चढले. भांडण लागलं होतं.

"बिबट्याचे फासे वेगळे!" गेणू ओरडत होता. "राजाचे वेगळे, त्याच्या जनावराचे वेगळे!"

"असं नसतं भाऊ! स्वार आणि जनावर मिळून एकच!"

"वेगळे! मी वाचलंय!"

"मीपण वाचलंय!" तालिबचा आवाज आला. "पण तुम्ही दर रविवारी खेळता ना? मग रविवारी कसं करता ते सांगा! तुम्ही म्हणाल तसं!"

आणि एकदम शांत झालं. मी उलथनं हातात घेऊन दारात आले. गेणू उभा होता, मुठीत फासे. त्याला नुसतं "वेगळे" म्हणायचं होतं. एवढं एक खोटं अजून बोलला असता तर भागलं असतं, पाहुणा मानणारच होता. मी मनात म्हणत होते, बोला भावजी, ठोकून द्या, कुठं पकडणार आहे तो.

"न्हाई खेळत," गेणू म्हणाला. "रविवारी न्हाई. कदीच न्हाई. आज पयलाच डाव हाय माजा. हितं कुनी न्हाईच खेळायला." फासे त्यानं दारावर ठेवून दिले. "तुमी येनार न्हाई म्हनून खोटं बोललो. तुमची टीम हाय, तुमी कशाला नवशिक्याकडं याल?"

तालिबनं चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"भाऊ, टीमबीम काय नाय," तो म्हणाला. "मी एकटाच आहे. मला वाटलं तुम्ही रविवारवाले, मी एकटा म्हटलं तर मला बोलवणार नाही."

"म्हंजी तुमी पन..."

"एकदापण नाही. रात्रभर नियम वाचून आलोय."

मग तालिब फिसकन हसला, आणि गेणू हसायला लागला तो थांबेचना. पोट धरून खाली बसला. आत्याबाईंनी एकदा याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"म्हंजी मगापास्नं माजे शिपाई उगाच मेले व्हय रं?"

"उगाचच, मावशी," तालिब डोळे पुसत म्हणाला.

"मंग उचला सगळ्यांला. पयल्यापासनं मांडा. आन ह्या खेपंला नीट वाचून मारा."

त्यांनी खरंच पहिल्यापासून मांडलं. दोन फोन शेजारी ठेवले, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मराठीत करायचं, अडलं की मला हाक. एका शब्दाचा अर्थ मलाही येईना, मग तिघांनी मिळून ठरवला. दिवस कलला तेव्हा आमचे हे धारा काढून आले आणि बादली टेकवत म्हणाले, "कोन जिकलं?"

"दादा, आत्ता तर मांडतोय," गेणू मान वर न करता म्हणाला.

मी चुलीपुढं बसले होते. पीठ मळून झालं होतं. गेणू स्वयंपाकघराच्या दारात आला. दोन्ही हात हळदीनं पिवळे, भांग विस्कटलेला.

"वहिनी, तालिबभाईच्या भाकरी टाका. त्यो ऱ्हातोय आज."

या घरात त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. ताटात पडेल ते खायचा, नसेल तर नाही, आणि उठायचा. आजही त्यानं मागितलं नव्हतं. सांगितलं होतं, घरातल्या माणसानं सांगावं तसं. आणि उत्तराला न थांबता परत पळालासुद्धा. बाहेरून पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी पिठाचा डबा उघडला आणि परातीत आणखी पीठ घेतलं.